कोरड्या वर्षांचा गाळ

यवतमाळ जिल्ह्यातली एकही नदी अरबी समुद्राकडे जात नाही. जिल्ह्याच्या एका अंगाने वर्धा वाहते, दक्षिणेकडून पैनगंगा. बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस या साऱ्यांचे पाणी शेवटी याच दोघींत येते. वणीच्या पुढे पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला, आणि त्यांची प्राणहिता होऊन सिरोंचापाशी ती गोदावरीत शिरते. पाण्याबरोबर माती जाते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण ती समुद्रात पोचल्यावर काय करते, हे कळायला १९८० चे दशक उजाडावे लागले. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत समुद्राच्या तळातून जी माहिती वर आली, ती आपल्या शिवाराबद्दलही बरेच सांगून जाते.

सुरुवात झाली नरसाळ्यांपासून. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीतील हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी मिळून १९८६ मध्ये अरबी समुद्रात आणि १९८७ मध्ये बंगालच्या उपसागरात खोलवर मोठी नरसाळी नांगरून ठेवली. वरून जे काही सावकाश खाली पडते, ते नरसाळ्यात गोळा होई आणि तळाशी बसवलेल्या बाटल्या ठरावीक दिवसांनी आपोआप फिरून नव्या मुदतीचा गाळ वेगळा ठेवत. वर्षभराने दोर ओढून वर घेतला की कोणत्या महिन्यात किती आणि काय पडले, याचा हिशेब मिळे.

हे पडणारे कण म्हणजे समुद्राच्या कर्बचक्राचा कणाच. पृष्ठभागाजवळच्या सूक्ष्म वनस्पती उन्हाच्या बळावर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड आपल्या शरीरात घेतात. त्या मेल्या, किंवा त्यांना खाणाऱ्या जीवांच्या विष्ठेतून बाहेर पडल्या, की त्यांचे पुंजके खाली जाऊ लागतात. वाटेत जिवाणू आणि इतर प्राणी त्यातला बहुतेक भाग फस्त करतात आणि कर्ब पुन्हा पाण्यात विरघळतो. तळापर्यंत पोचतो तो फार थोडा. तेवढाच हवेपासून दीर्घकाळ दूर राहतो. म्हणून कण किती वेगाने बुडतो, यावर सारे अवलंबून असते. रेंगाळला तर खाल्ला जातो, झटपट गेला तर वाचतो.

अरबी समुद्रातले निष्कर्ष आर. आर. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. मोसमी वारे पाणी ढवळून खालची पोषकद्रव्ये वर आणतात, सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि खाली पडणारा वर्षाव वाढतो. हे अपेक्षेप्रमाणेच होते. बंगालच्या उपसागराने मात्र कोडे घातले. तिथे नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर तरंगतो, ढवळण कमी होते, उपजही बेताचीच. तरीही पावसाळ्यात खोल पाण्यात पडणारा कर्ब भरपूर. वेणुगोपालन इट्टेक्कोट यांच्या गटाने १९९१ मध्ये याचा संबंध थेट नद्यांच्या पुराशी लावला.

उकल मातीत होती. पुराबरोबर आलेले चिकणमातीचे बारीक कण सेंद्रिय पुंजक्यांना चिकटतात. हलका पोहरा विहिरीत बुडावा म्हणून त्याला वजन बांधावे, तसे हे कण पुंजक्यांना खाली ओढतात. पुढे जगभरच्या मोजणीतून या ‘भारा’च्या कल्पनेला बळ मिळाले आणि त्यावर वादही झाले. पण नद्यांचा गाळ झेलणाऱ्या उपसागरात तिचे महत्त्व टिकून आहे. बंगालच्या उपसागराच्या मधल्या थरांत प्राणवायू जवळजवळ संपत आलेला असूनही तो अरबी समुद्रासारखा पुरता का संपत नाही, याचे एक कारणही हेच मानले जाते: कण वाटेत सडत बसण्याऐवजी लवकर खाली निघून जातात.

या भारातला सर्वांत मोठा वाटा गंगा-ब्रह्मपुत्रेचा. पण उपसागराच्या पश्चिम कडेला गोदावरीची सही वेगळी ओळखू येते. तिच्या गाळात स्मेक्टाइट नावाची चिकणमाती भरपूर असते. दख्खनचा काळा बसाल्ट झिजून ती तयार होते. पुसद-दारव्ह्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, ती याच मातीमुळे.

वजनाशिवाय कर्ब बुडत नाही, याचा दाखला २००९ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्येही मिळाला. समुद्राला लोहाचे खत घालून हवेतला कर्ब शोषता येईल का, हे पाहण्यासाठी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी ‘लोहाफेक्स’ प्रयोग केला. सूक्ष्म वनस्पती वाढल्या, पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्याने काचेसारखे जड कवच धारण करणारे डायाटम वाढू शकले नाहीत. बारीक प्राण्यांनी पीक खाऊन टाकले आणि खोलवर फारसे काही गेले नाही.

नरसाळी एका-दोन वर्षांचे सांगतात. हजारो वर्षांचे जाणून घ्यायचे तर तळात छिद्र पाडावे लागते. २००६ मध्ये ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ हे जहाज भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी कृष्णा-गोदावरी खोऱ्याबाहेर आले. शोध इंधनाचा होता. पण गोदावरीच्या मुखासमोर, सव्वा किलोमीटरहून खोल पाण्याखालून निघालेल्या गाळाच्या एका नळकांड्यात गेल्या सुमारे ११ हजार वर्षांचे थर एकावर एक सलग बसलेले होते.

कामिलो पोंतोन, लिव्हियु जोसान आणि सहकाऱ्यांनी त्या थरांतून पानांवरचे मेण वेगळे काढले. झाड कुजते, पण पानावरचा मेणाचा पातळ लेप मातीच्या कणांना धरून समुद्रापर्यंत टिकतो. त्यातल्या कर्बाच्या समस्थानिकांवरून ते जंगली झाडाचे, की कोरड्या माळावरच्या गवताचे, हे कळते. ज्वारी-बाजरीही गवताच्याच गटातली. २०१२ मध्ये आलेला निष्कर्ष असा: सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून गोदावरी खोऱ्यात कोरडेपणाला सरावलेल्या वनस्पती वाढत गेल्या, १७०० वर्षांपूर्वीपर्यंत ही वाढ चालली आणि पुढे तीच स्थिती टिकली. पाऊसमान उतरत होते. मध्य आणि दक्षिण भारतात स्थिर शेती रुजली ती याच उतरत्या काळात.

खरा धक्का २०१७ मध्ये बसला. पाऊस कमी झाला तर पूर कमी आणि गाळही कमी, असे कोणालाही वाटेल. त्याच नळकांड्यावरच्या जोसान यांच्या गटाच्या पुढच्या अभ्यासाने उलटे दाखवले. पाऊस घटत गेला तसतसा समुद्रात येणारा गाळ वाढला. निओडायमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांवरून खडकाचे मूळ ओळखता येते. त्यावरून या वाढीत दख्खनच्या बसाल्टी मातीचा हिस्सा वाढल्याचे दिसले. वाळवंटात कोरडेपणा नद्यांना मुके करतो. मोसमी प्रदेशात तसे होत नाही, कारण दुष्काळातही पाऊस येतो आणि मोजक्या दिवसांत कोसळून जातो. कमी झालेले असते ते मातीवरचे पांघरूण. त्या पांघरुणाला पुढे नांगरानेही हात लावला. आधी नवाश्मयुगीन शेती आणि मग लोहयुगात तिचा विस्तार, यांनी धूप आणखी वाढवली.

लोहयुग यवतमाळला परके नाही. बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडच्या टेकाडावर नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये केलेल्या उत्खननात सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. समुद्रतळातला लोहयुगातल्या धुपेचा थर आणि पाचखेडचा थर एकाच काळाचे. पाचखेडच्या शेतकऱ्याने समुद्र भरला, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण जमीन उघडी करणारी माणसे त्या काळी या खोऱ्यात होती, हे नक्की.

२०१७ च्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट कर्बाच्या चर्चेत महत्त्वाची आहे. धूप वाढली तसा समुद्रात येणारा जमिनीवरचा कर्ब वयाने जुना होत गेला. म्हणजे यंदाचा पालापाचोळा नव्हे, तर मातीत पूर्वीपासून साठून राहिलेला कर्ब उपटून येऊ लागला. तो समुद्रतळात गाडला गेला, म्हणून जमेत धरता येत नाही. एका साठ्यातून निघून तो दुसऱ्यात गेला, आणि वाटेत काही भाग कुजून हवेत. शिवाराच्या वाट्याला आली बरड.

विसाव्या शतकात या कथेने वळण घेतले. १९८८ च्या एका अभ्यासानुसार गोदावरी वर्षाला सुमारे १७ कोटी टन गाळ वाहत असे. आंध्र विद्यापीठातील हेमा मालिनी आणि नागेश्वर राव यांनी २००४ मध्ये दाखवले की १९७० च्या दशकात सुमारे १५ कोटी टन असलेला गाळ १९९० च्या दशकात सहा कोटी टनांच्याही खाली आला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा खचू लागला. धूप थांबली म्हणून हे घडले नाही. गाळ धरणांत अडकू लागला होता. इसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा ही आपलीच नावे त्या साखळीत आहेत. समुद्राला मिळणारा भार घटला, धरणांची साठवण घटली, आणि वावरातली माती जातच राहिली.

योगायोग असा की ज्या २०१७ मध्ये जोसान यांच्या गटाचा अभ्यास छापून आला, त्याच वर्षी राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. तलावातला गाळ पुन्हा वावरात टाकणे चांगलेच. पण ती गेलेल्या मातीची परतफेड आहे, धूप रोखण्याचा उपाय नव्हे. समुद्रतळाचा दाखला नेमका इथे उपयोगी पडतो. जोराच्या पावसाच्या वर्षी आपण बांध फुटल्याची, जमीन खरडल्याची नोंद करतो आणि पंचनामे होतात. कोरड्या वर्षी तसे काहीच होत नाही, कारण नुकसान पिकाचे मानले जाते, मातीचे नाही. पण मातीचे नुकसान तेव्हाच ठरलेले असते: गवत खुरटते, धुरे उघडे पडतात, पऱ्हाटीचे अवशेष जाळून जमीन वखरून मोकळी ठेवली जाते, आणि जूनचा पहिला जोरदार पाऊस तिच्यावर पडतो.

म्हणून दुष्काळी वर्षाच्या कामांत चाऱ्याइतकेच महत्त्व जमीन झाकण्याला हवे. धुऱ्यावर गवत, वावरात पिकांचे अवशेष, उताराला आडवी पेरणी, यातले काहीच नवे नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो. टंचाईच्या वर्षाआधी आणि नंतर तोच रकाना त्याच शेतात पुन्हा भरून पाहिला, तर ११ हजार वर्षांच्या गाळाने खोऱ्याबद्दल जे सांगितले, ते आपल्या गावापुरते तपासायला सुरुवात करता येईल.