दावा चालू असताना भाड्याचे अर्धेमुर्धे पैसे आले, तर घ्यावेत का?

भिवंडीचा लूमचा गाळा असो, मालेगावची कारखान्याची शेड असो की मुंबईच्या मोहम्मद अली रोडमागच्या गल्लीतले आठ बाय दहाचे दुकान असो, आपल्या बांधवांचा धंदा बराचसा भाड्याच्या जागेत चालतो. दुसरीकडे, चार पैसे गाठीला आल्यावर एखादा गाळा घेऊन तो भाड्याने देणारेही आपल्यातच आहेत. थोरला भाऊ मालक आणि धाकटा भाऊ दुसऱ्याचा भाडेकरू, असे चित्र एकाच घरात दिसते. म्हणून आजचा विषय दोन्ही बाजूंच्या वाचकांचा आहे.

प्रसंग ओळखीचा आहे. धंदा मंदावतो, भाडे थकते, मालक वकिलामार्फत नोटीस देतो आणि पुढे दावाही लावतो. मग एके दिवशी भाडेकरू दारात येतो. "सेठ, आत्ता एवढे ठेवा, बाकीचे ईदनंतर देतो." मालकाला वाटते, पैसे घेतले तर केस बुडेल आणि नाही घेतले तर हे पैसेही जातील. भाडेकरूला वाटते, सेठने एकदा पैसे घेतले की आता आपल्याला कोणी हलवत नाही. आमच्या मते दोघांच्याही समजुतीत खरे थोडे आणि खोटे जास्त आहे, आणि त्यातले खोटे भाडेकरूला अधिक महाग पडते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी मुंबईत आणि राज्याच्या बऱ्याच भागात १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. त्या जुन्या कायद्यात सहा महिन्यांचे किंवा अधिक भाडे थकले, भाड्याच्या रकमेबद्दल वाद नसला आणि नोटिशीनंतर महिन्याभरात ते चुकते केले नाही, की भाडेकरूची बाजू फारच पातळ होत असे. अनेक वडीलधाऱ्यांच्या डोक्यात अजून तोच हिशेब बसलेला आहे. नव्या कायद्याचे कलम १५ भाडेकरूला जास्त वेळ देते. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला थकबाकीच्या कारणावर दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी साध्या १५ टक्के व्याजासह दिली किंवा न्यायालयात भरली, दाव्याचा निकाल लागेपर्यंत पुढचे भाडे नियमित भरले आणि न्यायालयाने ठरवलेला दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर त्याला बाहेर काढण्याचा हुकूम होत नाही.

इथे "सर्व" या शब्दावर बोट ठेवावे. समजा, महिना ६ हजार रुपये भाडे आहे आणि १४ महिने थकले. रक्कम झाली ८४ हजार. समन्स आल्यावर भाडेकरूने मालकाच्या हातात २० हजार ठेवले. उरले ६४ हजार. केवळ या ६४ हजारांवर दरमहा ८०० रुपये व्याज चढते, शिवाय दावा लागल्यापासूनच्या महिन्यांचे भाडे वेगळेच. वीस हजार देऊन आलेला माणूस निर्धास्त होतो, वकिलाकडे जात नाही, आणि ते ९० दिवस हातातून जातात. पुढे न्यायालयात "मी पैसे दिले होते" एवढे सांगून भागत नाही. दिलेले पैसे हिशेबातून वजा होतात, पण कलम १५ चे छत्र अर्ध्या रकमेने मिळत नाही. दुकान गेले की गिऱ्हाईक गेले, आणि कारागिराच्या बाबतीत तर वर्षानुवर्षे जमवलेले हातही पांगतात. म्हणून भाडेकरू बांधवांनी वीस-वीस हजार मालकाच्या दारी नेत बसण्यापेक्षा, शक्य असेल तेथून उचल घेऊन, एखादे यंत्र विकूनही, पूर्ण रक्कम मुदतीत न्यायालयात भरावी. भरणा केल्याची पावती ही जागेइतकीच मोलाची समजावी.

व्याजाबद्दल काही वाचकांच्या मनात किंतु असतो. मालकाने ते व्याज आपल्यासाठी ठेवावे की नाही, हा त्याच्या मनाचा प्रश्न आहे. भाडेकरूने मात्र "सेठ व्याज घेत नाहीत" या भरवशावर ती रक्कम कमी भरू नये. कायद्याची अट व्याजासह रकमेची आहे.

आता मालकाची बाजू. पैसे घेतले की दावा मेला, ही भीती कुठून आली? ती आली १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून. त्याच्या कलम ११३ नुसार जागा सोडण्याची नोटीस देऊन तिची मुदत संपल्यावर, त्यानंतरच्या काळाचे भाडे मालकाने घेतले तर ती नोटीस सोडून दिली असे मानता येते. पण तिथेही मालकाचा हेतू पाहिला जातो. सरूपसिंग गुप्ता यांच्या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोटिशीनंतर भाडे स्वीकारले एवढ्यानेच नोटीस मागे घेतली असे होत नाही, विशेषतः मालकाने पुढे दावा लावून तो चालवला असेल तर. भाडे थकल्यामुळे करार रद्द करण्याच्या बाबतीत कलम ११२ तर सरळ सांगते की दावा लावल्यानंतर घेतलेले भाडे म्हणजे हक्क सोडणे नव्हे.

भाडे नियंत्रण कायद्याखालच्या जागेत गोष्ट आणखी सोपी आहे. तिथे करार संपला तरी कायदाच भाडेकरूला बसू देतो, मालकाला त्याला मनास येईल तेव्हा काढता येत नाही. मग त्या काळाचे पैसे मालकाने घेतले तर त्याने नवे भाडेपत्र केले असे कसे म्हणणार? गंगादत्त मुरारका यांच्या १९६१ च्या निकालात आणि भवानजी लखमशी यांच्या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. जागा मालकाच्या स्वतःच्या गरजेसाठी हवी आहे अशा कारणावर दावा असेल, तर भाडे घेत राहिल्याने ते कारण संपत नाही.

तेव्हा घ्यावेत का? आमचे मत, घ्यावेत, पण तोंडी नव्हे. कलम ३१ प्रमाणे मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, आणि पावती न देणाऱ्याला कसुरीच्या दर दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडे मात्र वहीत पेन्सिलीने टिपण करायचे आणि "आपल्यात कसली पावती" म्हणायचे, हा रिवाज. भांडण झाले की तीच वही सापडत नाही. पावतीवर किती रक्कम, कोणत्या महिन्यांच्या थकबाकीपोटी, आणि "दाव्यातील सर्व हक्क अबाधित ठेवून" एवढे शब्द असावेत. दाव्याचा नंबर लिहिला तर उत्तम.

कोणत्या महिन्यांपोटी, हे लिहिण्याला कारण आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे पैसे देणाऱ्याने कशापोटी देतो ते सांगितले आणि घेणाऱ्याने ते घेतले, तर ते त्याच खात्यात धरावे लागतात. त्याने सांगितले नाही तर घेणारा ठरवू शकतो. कोणीच ठरवले नाही तर सर्वांत जुन्या देण्यापासून फेड धरली जाते. थकलेल्या भाड्याची वसुली तीन वर्षांच्या मुदतीत असते, त्यामुळे वीस हजार जुन्या महिन्यांत गेले की नव्या, यावरून मोठा फरक पडतो. मुदत संपण्याआधी भाडेकरूने रक्कम दिली आणि ती दिल्याची नोंद त्याच्या हाताची किंवा सहीची असेल, तर मुदतीचे घड्याळ त्या दिवसापासून पुन्हा सुरू होते. पावतीच्या स्थळप्रतीवर देणाऱ्याची सही घेणारा मालक म्हणूनच शहाणा.

आणखी एका ठिकाणी सांभाळावे. पैसे कोण आणून देतो? पुष्कळदा भाडेकरूच्या जागी त्याचा भागीदार, मेहुणा किंवा शेडमध्ये प्रत्यक्ष धंदा करणारा तिसराच माणूस येतो. त्याच्या नावाने पावती फाडली तर उद्या तो म्हणेल की मीच भाडेकरू, आणि पोटभाडेकरू ठेवल्याचे मालकाचे कारण त्याच्याच पावतीने लंगडे होईल. पावती मूळ भाडेकरूच्याच नावाने, "अमुक याच्या हस्ते" असे लिहून द्यावी.

मालकाला स्वतः पैसे घेण्याचा धोका नकोच असेल, तर भाडेकरूला न्यायालयात भरायला सांगावे. तिथे जमा झालेल्या रकमेतून दावा चालू असतानाही मालकाला पैसे देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. अर्ज करावा लागतो एवढेच. हप्त्यांवर खरोखर मन जुळत असेल, तर ते चहाच्या टपरीवर न ठरवता न्यायालयात संमतीच्या अटी म्हणून दाखल करावे, आणि कोणता हप्ता चुकला तर काय, हेही त्यातच लिहावे. हुकूमनामा झाल्यानंतर बाहेरच्या बाहेर दिलेल्या पैशांची नोंद भाडेकरूने न्यायालयात करून घ्यावी. ती नसेल तर दरखास्तीच्या वेळी न्यायालय ती फेड विचारात घेत नाही, आणि बेलिफ दारात उभा असताना जुन्या चिठ्ठ्या शोधण्यात अर्थ नसतो. हुकूमनाम्याची अंमलबजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते, हेही दोघांनी लक्षात ठेवावे.

जुन्या काळी मालक भाडे घेईना, तर भाडेकरू मनिऑर्डर करी आणि "स्वीकारण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आलेली कुपने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवी. आता मोबाईलवरून रक्कम परस्पर मालकाच्या खात्यात पडते, त्याला विचारले जात नाही. अशी रक्कम दिसली की मालकाने गप्प बसू नये. त्याच आठवड्यात वकिलामार्फत किंवा रजिस्टर पत्राने, ती कोणत्या थकबाकीपोटी जमा धरली आणि दावा चालूच आहे, हे कळवावे. भाडेकरूनेही पैसे पाठवताना शेऱ्याच्या जागेत महिना आणि वर्ष लिहावे. नुसते "भाडे" लिहून पाठवलेले पाच हजार कोणत्या महिन्याचे, यावर पुढे दोन वकिलांची फी खर्च होते.