अंतर्गत सुरक्षा शिकवतो कोण?

दहशतवाद, दंगली, सायबर गुन्हे आणि नैसर्गिक आपत्ती यांपासून देशाच्या सीमेच्या आत नागरिकांच्या जीविताचे व सार्वजनिक व्यवस्थेचे रक्षण करणे, यास अंतर्गत सुरक्षा म्हणतात. अमेरिकेत २००१ च्या हल्ल्यांनंतर, २००२ साली कायदा होऊन या कामासाठी स्वतंत्र खाते उभे राहिले आणि पाठोपाठ विद्यापीठांतून या विषयाच्या पदव्या सुरू झाल्या. त्या शिकवणाऱ्यांत निवृत्त पोलीस, सैनिक व अग्निशमन अधिकारीही असल्याने पदवी मोठी की अनुभव मोठा, हा प्रश्न तेथे ओघानेच आला. भारतात तो फारसा टोकदार झाला नाही, कारण येथे पदवीधारक आणि अनुभवी या दोघांना आरंभापासून वेगवेगळ्या छपरांखाली बसवले गेले.

पहिले छप्पर विद्यापीठाचे. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये पुणे विद्यापीठात लष्करी अभ्यासाचा विभाग निघाला, जो आज संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग म्हणून ओळखला जातो. अशा विभागात अध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि नेटसारखी पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते, सीमेवर किंवा पोलीस ठाण्यात काढलेली वर्षे तेथे अट म्हणून विचारात घेतली जात नाहीत. दुसरे छप्पर प्रशिक्षण संस्थांचे. अकोल्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिपायांना कायदा व तपास शिकवणारा आंतरवर्ग आणि कवायत व शस्त्रे शिकवणारा बाह्यवर्ग असे दोन भाग असतात, आणि तेथील बहुतेक निदेशक, म्हणजे प्रशिक्षक, खात्यातूनच आलेले असतात.

वऱ्हाडात या दोन्ही छपरांखाली वावरणारा एकच मनुष्य सापडतो, तो म्हणजे महाविद्यालयातील एनसीसी अधिकारी. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेचे, म्हणजेच एनसीसीचे, गट मुख्यालय अमरावतीत असून अकोल्यातही तिची बटालियन आहे. हा अधिकारी मुळात रसायनशास्त्राचा, मराठीचा किंवा शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक असतो. निवड झाल्यावर पुरुष अध्यापक नागपूरजवळच्या कामठी येथील अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत प्रशिक्षण घेतात आणि लेफ्टनंटचा हुद्दा मिळवून परततात, त्यामुळे काहींच्या दारावरच्या पाटीवर लेफ्टनंट आणि डॉक्टर ही दोन्ही बिरुदे शेजारी नांदतात. बटालियनची सूत्रे सेनादलाच्या नियमित अधिकाऱ्याकडे असतात, कवायत व शस्त्रप्रशिक्षण पलटणींतून आलेले हवालदार व सुभेदार देतात, आणि नकाशावाचन, नागरी संरक्षण, आपत्ती व्यवस्थापन अशा विषयांची वर्गातील बाजू बव्हंशी हा प्राध्यापक सांभाळतो. ‘बी’ आणि ‘सी’ प्रमाणपत्रांच्या परीक्षांना बसणारा छात्र अशा रीतीने तीन वेगळ्या आयुष्यांतून आलेल्या माणसांकडून शिकतो, आणि हीच या व्यवस्थेची सर्वांत मोठी जमेची बाजू मानली पाहिजे. मात्र प्राध्यापकाचे हे ज्ञान प्रशिक्षणातून आलेले असते, प्रत्यक्ष कामगिरीतून नव्हे, शिवाय ते काम मूळ विषयाचे तास सांभाळून करायचे असते, ही मर्यादा दडवण्यात अर्थ नाही.

अनुभवाच्या बळावर शिकवण्याची अमरावतीची परंपरा याहून जुनी आहे. १९१४ साली स्थापन झालेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले पथक प्रात्यक्षिकांसाठी पाठवणाऱ्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुळे आखाड्यात होती, आणि आखाड्यातील उस्तादाची पात्रता कागदावर नव्हे तर मातीत ठरत असे.

आज पदवी आणि अनुभव यांतील दरी बुजवण्याचा मार्ग नियमांतच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’, म्हणजे व्यावसायिक अनुभवाच्या बळावर नेमलेला प्राध्यापक, ही तरतूद केली. त्यासाठी साधारण १५ वर्षांचा अनुभव लागतो, औपचारिक पदवीची सक्ती नसते आणि अशी पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत असू शकतात. राज्य राखीव पोलीस दलाचा गट अमरावतीत, पोलीस प्रशिक्षण केंद्र अकोल्यात आणि गावोगावी माजी सैनिक असताना संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने या तरतुदीचा उपयोग अंतर्गत सुरक्षा शिकवण्यासाठी अवश्य करावा. अर्थात निव्वळ अनुभव वर्गात लवकरच आठवणींच्या गप्पांवर येतो, म्हणून अशा माणसासोबत संशोधनाची शिस्त असलेला अध्यापक हवाच. विद्यार्थ्यांनी व पालकांनीही अशा अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना शिकवणाऱ्यांच्या पदव्यांबरोबर त्यांनी कोणत्या दलात, किती वर्षे आणि नेमके कोणते काम केले, हे निःसंकोच विचारावे.