मुरलेले पाणी

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात, वाशिष्ठी नदी जेथे सागराला मिळते, तेथे अंजनवेल हे गाव वसले आहे. गावालगतच्या टेकडीवर गोपाळगड उभा आहे. मृग नक्षत्र लागले, की या टेकडीवर पाऊस कोसळू लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्यातील पुष्कळसे पाणी ओढ्यांवाटे वाहून समुद्रास मिळते. पण काही पाणी वाहत नाही, ते मुरते. वाहणारे पाणी सर्वांना दिसते. मुरणारे पाणी दृष्टीस पडत नाही. परंतु त्याची करणी मोठी विलक्षण असते.

लाकडाचेच उदाहरण घ्यावे. पावसाळ्यात घराची दारे फुगतात आणि चौकटीत घट्ट बसतात. याचे कारण असे, की लाकडाचे तंतू पाणी शोषून जाड होतात. हीच गोष्ट नाखव्याच्या उपयोगी पडते. बरेच दिवस किनाऱ्यावर कोरडी राहिलेली लाकडी होडी पाण्यात लोटली, की प्रथम तिच्या फटींतून पाणी आत येते. थोड्या काळाने फळ्या फुगतात, फटी मिटतात आणि गळती आपोआप कमी होते.

गोपाळगडाचा तट ज्या जांभ्या दगडाचा आहे, त्याची तऱ्हा निराळी. हा दगड खाणीतून काढताना ओलसर व मऊ असतो. म्हणून त्याचे चिरे सहज कापता येतात. वाऱ्याउन्हात वाळल्यावर तोच कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजांच्या सेवेतील संशोधकाने १८०७ साली मलबारातील अशा दगडाचे वर्णन केले आणि विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव दिले. जांभ्यात असंख्य छिद्रे असतात. त्यांतून पावसाचे पाणी डोंगराच्या पोटात उतरते आणि पाऊस सरल्यावर पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. कोकणातील कित्येक गावांची तहान या मुरलेल्या पाण्यावरच भागते.

परंतु पाणी मुरण्यालाही मर्यादा असते. समुद्रकाठची कोरडी वाळू मुठीत धरली, तर ती बोटांतून गळून जाते. तीच किंचित भिजवली, तर तिचा किल्ला रचता येतो. कारण पाण्याचा पातळ थर कणाकणांना एकत्र ओढून धरतो. आता त्या किल्ल्यावर पाणी ओतीत राहावे. कणांमधील पोकळ्या भरून जातात, आतली हवा निघून जाते आणि पाणी कणांना परस्परांपासून दूर रेटू लागते. त्यांची पकड सुटते व किल्ला क्षणात ढासळतो.

डोंगराच्या उतारावरील मातीचेही असेच होते. अतिवृष्टीने ती तुडुंब भिजली, की तिचे वजन वाढते आणि पकड मात्र ढिली होते. मग सारा उतारच खाली घसरतो. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी असाच डोंगर कोसळला आणि दीडशेच्या सुमारास माणसे दगावली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. च्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर कळली. रायगड जिल्ह्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोकांचा अंत झाला.

अशा संकटापूर्वी डोंगर पुष्कळदा काही खुणा दाखवितो. जमिनीस नव्या भेगा पडतात. झाडे व खांब कलतात. जेथे कधी झरा नव्हता तेथे पाणी उमाळते, किंवा नेहमीचा स्वच्छ झरा एकाएकी गढूळ होतो. मुसळधार पावसात यांपैकी एखादी खूण दिसली, तर ती वडीलधाऱ्यांना तत्काळ सांगावी आणि सर्वांनी उतारापासून दूर, सुरक्षित ठिकाणी जावे. सामानाची काळजी नंतर करता येते. उतारावरील झाडे राखणे, पाणी वाहून जाण्यास चर काढणे आणि डोंगराचा पायथा उभा न कापणे, हे उपाय मात्र पावसाळ्यापूर्वीच करावे लागतात.

होडीची फट मिटविणारे, विहीर भरणारे आणि दरड खाली आणणारे पाणी एकच. ते किती मुरले आहे आणि कोठे मुरले आहे, इकडे ज्याचे लक्ष असते, त्याला पाऊस ओळखता आला असे म्हणावे.