कण्याचा आधार आधी, हालचाल नंतर

कण्याला सावरून धरणारे स्नायू म्हणजे केवळ पोटावर दिसणारे स्नायू नव्हेत. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मणक्यांना बिलगलेले मल्टिफिडस आणि पुढून व बाजूंनी कमरपट्ट्यासारखा वेढणारा पोटाचा आडवा स्नायू, असा हा बंद कप्पा असतो. निरोगी माणूस हात उचलू लागला, की खांद्याच्या स्नायूच्याही आधी हा आडवा स्नायू आवळला जातो. ऑस्ट्रेलियातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये हे मोजून दाखवले. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा आवळतो, हेही त्यांना आढळले. म्हणूनच सिट-अप्सचा आकडा वाढवण्यापेक्षा ताबा कमावणे अधिक मोलाचे.

सुरुवात उताणे झोपून, गुडघे दुमडून करावी. खुब्याच्या पुढच्या हाडापासून दोन बोटे आत बोटांची टोके ठेवावीत आणि हळूहळू श्वास सोडावा. बोटांखाली हलका ताण जाणवला, की तेवढाच धरून पुढचे श्वास चालू ठेवावेत. पोट जोराने आत ओढणे किंवा श्वास कोंडणे चुकीचे.

हे जमले की ‘बर्ड-डॉग’. हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे ताणायचा, मग बाजू बदलायची. कंबरेवर रिकामी स्टीलची वाटी ठेवली, तर कंबर कुठे कलते ते लगेच कळते. कॅनडाचे कणातज्ज्ञ स्टुअर्ट मॅकगिल प्रत्येक धारणा साधारण १० सेकंदांपुरतीच ठेवायला सांगतात. सहा, चार, दोन अशा उतरत्या आवर्तनांनी दम टिकतो आणि ढबही बिघडत नाही. मग साइड प्लँक, म्हणजे कुशीवर कोपराच्या आधाराने अंग सरळ उचलून धरणे, आधी गुडघ्यांवर, नंतर पावलांवर करावा.

रत्नागिरीच्या खाचरांत लावणीच्या दिवसांत या ताकदीचा खरा कस लागतो. तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढताना आणि ती चिखलात लावताना बायका तासन्‌तास ओणव्या असतात. कंबर पूर्ण वाकली, की पाठीचे स्नायू जवळजवळ सैल पडतात. भार अस्थिबंधांवर आणि मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. ताणलेले अस्थिबंध लगेच पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे ओणव्यातून थेट ओल्या तरव्याचा भारा उचलणे सर्वांत धोक्याचे. आधी एक-दोन मिनिटे ताठ उभे राहावे, मग खुब्यातून वाकून, भारा अंगाजवळ घेऊन उचलावा. घरचे काम आणि शेत दोन्ही ओढणाऱ्या बाईला ही दोन मिनिटे मिळालीच पाहिजेत. मुकादमाने आणि घरच्यांनीही ती मान्य करावीत.

खो-खो खेळणाऱ्या मुलींना मात्र वरचे व्यायाम एवढेच पुरत नाहीत. खो मिळताच चौकोनातून उठून झेपावताना कणा स्थिर आणि पाय वेगवान हवेत. त्यांनी साइड प्लँकनंतर एका पायावरचे ब्रिज (उताणे झोपून एका पायावर कंबर उचलणे) आणि वळणाच्या धावांचा सराव जोडावा.

बाळंतपणानंतर हे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच सुरू करावेत. खोकताना लघवी होत असेल, तर तेही त्यांना संकोच न करता सांगावे; ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम त्यावर उपयोगी पडतात. पायात उतरणारी कळ किंवा बधिरपणा असल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा अचानक गेल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.