मोहल्ला समिती

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी सायखेडा हे गाव आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला व गावात पाणी शिरले. धरणातून पाणी सोडताना नदीकाठच्या गावांना आधी सूचना देतात. त्यामुळे लोकांना सामान हलवता येते. पण दोन समाजांत भांडण पेटणार असेल, तर त्याची सूचना कोण देणार? ती तेथे राहणारी माणसेच देऊ शकतात. भिवंडी शहराने हे दाखवून दिले.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर. येथे हिंदू व मुसलमान शेजारी शेजारी राहतात. तरीही १९७० व १९८४ मध्ये येथे भीषण दंगली झाल्या. अनेकांचे प्राण गेले. यंत्रमाग थांबले आणि गरिबांच्या चुली विझल्या.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे येथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. दंगल झाल्यावर धावण्यापेक्षा ती होऊच नये, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. 'मोहल्ला' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. समितीत दोन्ही समाजांचे लोक असत. पुढाऱ्यांबरोबर साध्या माणसांनाही तेथे जागा होती. पोलीस त्यांच्यासोबत बसत व त्यांच्या तक्रारी ऐकत. अफवा उठली, तर खरे काय ते लगेच विचारता येई. हळूहळू पोलिसांची भीती कमी झाली व शेजाऱ्यांचा एकमेकांवरील विश्वास वाढला.

या विश्वासाची लवकरच परीक्षा झाली. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आली. त्यानंतर मुंबईत दंगली उसळल्या. जानेवारी १९९३ मध्ये त्या पुन्हा भडकल्या. जवळची भिवंडी मात्र शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्या निघाल्या.

परंतु एकदा केलेले काम कायमचे पुरत नाही. २००६ मध्ये भिवंडीत पुन्हा हिंसा झाली. शेत नांगरून सोडून दिले, तर त्यात तण माजते. विश्वासाचेही तसेच आहे.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने 'महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम' सुरू केली. ग्रामसभेने समिती निवडावी व गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटवावेत, असा तिचा हेतू होता.

नुसत्या हुकुमाने शांतता टिकत नाही. ज्यांना एकत्र राहायचे आहे, त्यांना विचारूनच तिचे नियम ठरवले पाहिजेत.

स्वाध्याय
१. मोहल्ला समितीत कोण कोण असत?
२. तुमच्या मोहल्ल्यात अफवा पसरली, तर तुम्ही काय कराल?