शॅस्टा डेझी पावसाळ्यात का दगावते? श्रीरामपूरच्या काळ्या मातीत हे फूल फुलवायचे असेल तर वाचा

श्रीरामपूर : हिवाळ्यात हौसेने आणलेली पांढरी डेझी छान फुलते, एप्रिलच्या उन्हात मलूल होते आणि पावसाळ्यात मुळापासून कुजते. 'पाणी कमी पडले असेल' असे समजून पुढच्या वर्षी आणखी पाणी घातले जाते. खरे कारण मात्र बहुतेक वेळा उलटे असते.

हे फूल आले कुठून?
अमेरिकेतील वनस्पती संवर्धक ल्यूथर बरबँक यांनी कॅलिफोर्नियात चार रानटी डेझींचा संकर करून ही जात तयार केली. १८८४ मध्ये सुरू झालेले काम १९०१ मध्ये बाजारात आले. माउंट शॅस्टा या बर्फाच्छादित डोंगरावरून तिला नाव मिळाले. थोडक्यात, हे थंड हवेचे झाड आहे.

काळ्या मातीत अडचण काय?
प्रवरा कालव्यांच्या या पट्ट्यातील काळी माती पाणी धरून ठेवते. उसाला ते मानवते, डेझीला नाही. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी लागते. म्हणून जमिनीपेक्षा कुंडी किंवा उंच गादीवाफा बरा. दोन भाग माती, एक भाग वाळू आणि एक भाग कुजलेले शेणखत घ्या. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे आहे ना, तेही पाहा.

बियाणे कोणते घ्यावे?
इथेच अनेकांचे पैसे वाया जातात. 'अलास्का' ही उंच जात बियाण्यापासून लावली तर साधारण दुसऱ्या वर्षी फुलते. म्हणजे फूल दिसण्याआधीच तिला आपला उन्हाळा आणि पावसाळा काढावा लागतो. बुटकी 'स्नो लेडी' पहिल्याच वर्षी फुलते, त्यामुळे श्रीरामपुरात तीच सोयीची. रोप विकत घेताना पान पाहा. शेवंतीचे पान कातरलेले असते, चुरगळले की उग्र वास येतो. शॅस्टाचे पान लांबट, गडद हिरवे आणि कडेला बारीक दाते असलेले असते.

लागवड आणि निगा
* ऑक्टोबरमध्ये बी पेरून वरून मातीचा अगदी पातळ थर द्या.
* रोपे चार-पाच पानांची झाली की एक फुटाच्या अंतरावर लावा.
* हिवाळ्यात दिवसाला किमान सहा तास ऊन मिळू द्या.
* पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसा. वरची इंचभर माती कोरडी असेल तरच पाणी घाला.
* सुकलेली फुले देठासह कापा, नवीन कळ्या येतात.
* मावा दिसल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

पारा चाळिशी ओलांडल्यावर?
मार्चअखेर कुंडी दुपारच्या उन्हातून हलवा किंवा वर शेडनेट बांधा. पावसाळ्यात ती पत्र्याखाली ठेवा. रोप टिकले तर ऑक्टोबरमध्ये गड्डा फोडून दोन-तीन रोपे करता येतात. नाही टिकले तर मन खट्टू करू नका. आपल्याकडे तिला हिवाळी हंगामी फूल मानणेच व्यवहाराचे.

इतका खटाटोप नको असेल तर?
शेजारच्या राहुरीतील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने अॅस्टरच्या 'फुले गणेश' मालिकेतील जाती दिल्या आहेत. त्यातील 'फुले गणेश व्हाइट' पांढऱ्या फुलांची हौस भागवते आणि आपल्या हवामानाला सरावलेली आहे.