गुरुवारची गोळी

नात तेव्हा पावणेपाच वर्षांची. दिवाळीनंतर ती उठता-बसता कडेवर घ्या म्हणायला लागली. पाय दुखतात म्हणायची. लाड करून घेतेय, असं आम्ही समजलो. नडग्यांवर निळे डाग दिसले, ते खेळताना लागलं असेल म्हणून सोडून दिले. ताप यायचा, औषधाने उतरायचा, चार दिवसांनी परत यायचा. तिसऱ्यांदा आला तेव्हा विरार स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन 5.2, प्लेटलेट 18 हजार, आणि रिपोर्टच्या तळाशी 'ब्लास्ट' हा शब्द. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हिला आजच टाटाला न्या. उद्यावर टाकू नका."

ब्लास्ट म्हणजे रक्ताच्या कच्च्या पेशी. हाडांच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. तिथे या कच्च्या पेशी बेसुमार वाढल्या की लाल पेशींना आणि प्लेटलेटना जागा उरत नाही. म्हणून मूल फिकट दिसतं, डाग पडतात, हाडं ठणकतात. नातीच्या आजाराचं नाव अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. परळच्या टाटा रुग्णालयात सगळे 'एएलएल' म्हणतात. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये हाच सर्वांत जास्त आढळतो. सूनबाई रडत सारखं एकच विचारायची, माझं खाण्यापिण्यात काय चुकलं? काहीही चुकलं नव्हतं. हा आजार आईच्या हातून होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. हे तिला डॉक्टरांनी सांगितलं, मीही रोज सांगत राहिलो.

टाटा रुग्णालयाचं मूळच या आजारात आहे, हे मला तिथे बसून कळलं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली ल्युकेमियाने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला हे रुग्णालय उघडलं. ज्यांच्याकडे सगळं होतं, त्यांच्याही घरच्या माणसावर तेव्हा इलाज नव्हता. इलाजाची पहिली वाट 1947 च्या अखेरीस बोस्टनमध्ये सापडली. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना जे औषध दिलं, ते आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या चमूने तयार केलेलं होतं. त्याच जातीचं मेथोट्रेक्सेट माझी नात घेत आली. सुब्बाराव 1948 मध्ये गेले. त्यांचं नाव आपल्या मुलांना शाळेत कळायला हवं.

मुलगा आणि सूनबाई मुलीला सांभाळत. माझ्याकडे फाईल आणि एक वही. वहीत तारीख, रक्तपेशींचे काउंट, ताप, औषध. फुलपाड्याहून रिक्षाने स्टेशन, लोकलने दादर, तिथून टॅक्सी. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येतं, हे आम्हाला पंधरा दिवस उशिरा कळलं. कुणाला गरज असेल तर पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

पहिला महिना स्टेरॉइडचा. चेहरा पुरीसारखा फुगला. रात्री दोनला उठून वरणभात मागायची, आणि सूनबाई उठून ताजा कुकर लावायची. शिळं द्यायचं नाही, पाणी उकळलेलं, कच्चं काही नाही. पाठीतल्या इंजेक्शनाच्या दिवशी मी बाहेर थांबायचो. शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूपर्यंत पुरेशी पोचत नाहीत आणि आजार तिथे लपू शकतो, म्हणून ते द्यावंच लागतं.

व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध सदाफुलीतून काढतात, हे ऐकून शेजारच्या एकाने आमच्याच ओट्यावरची पानं खुडून रस आणला. प्रेमानेच आणला होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं, पानांत किती काय आहे याचं माप नाही; तीच वनस्पती विषारीही आहे. मी रस ओतून दिला. त्या औषधाने नात काही दिवस पाऊल घासत चालायची, इतकं ते मोजूनमापून देऊनही जड असतं.

महिन्याने मगज तपासला. ब्लास्ट दिसत नव्हते. मी जीवदानीच्या पायऱ्या चढून नवस फेडून आलो आणि मुलाला म्हणालो, आता पुरे, पोर खेळायला लागली, अजून सुया कशाला? माझी ही चूक मी मुद्दाम लिहितो आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसेनाशा झाल्या तरी शरीरात कोट्यवधी उरलेल्या असू शकतात. मी भातशेतीतला माणूस. लव्हाळा वरून उपटला तरी गाठ मातीत राहते, आणि पहिल्या पावसाला शेत परत भरतं. डॉक्टर बोलत होते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो लव्हाळा होता. म्हणून पूर्ण उपचार दोन-अडीच वर्षांचे, कधी त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब देशांत 30 टक्क्यांहून कमी. या फरकाच्या कारणांत एक कारण उपचार अर्ध्यावर सोडणं हे आहे. पैसे संपतात, रोजगार बुडतो, आणि मूल बरं दिसत असतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाची भेट, हे सगळं पहिल्याच आठवड्यात करायला हवं.

सातव्या महिन्यात एका रात्री दीड वाजता ताप 101. काउंट पडलेले असताना आलेला ताप घरी पॅरासिटामोल देऊन बघत बसायचा नसतो. अँटिबायोटिक लवकरात लवकर शिरेतून जावं लागतं. पहिली लोकल सुटायला दोन तास होते. मी वाडीतल्या एका पोराचं दार वाजवलं. त्याने विचारलं काहीच नाही, गाडीची चावी घेतली. पुढच्या आठवड्यात प्लेटलेट द्यायला त्याच्याच मंडळातली चार पोरं परळला आली.

मग आलं मेंटेनन्स. रोज रात्री एक गोळी आणि दर गुरुवारी मेथोट्रेक्सेट. केस आले होते, नात शाळेत जायला लागली होती, घरी कुणालाच आजारपण दिसत नव्हतं. माझ्या मते उपचारातला अवघड काळ हाच होता. घाबरलेला माणूस औषध विसरत नाही, निवांत झालेला विसरतो. मी वहीत प्रत्येक गुरुवारी खूण करायचो. एका गुरुवारी घरात लग्न होतं, रात्री साडेअकराला आठवलं. झोपलेल्या पोरीला उठवून गोळी दिली. ती चिडली, "आजोबा, मी बरी आहे ना!"

शेवटची गोळी मागच्या पावसाळ्यात झाली. आता फक्त तपासणी. पुढची तारीख मंगळवारची आहे. पहाटे पाचला निघायचं म्हणून रिक्षावाल्याला सांगून ठेवलं आहे.